क्रोन्स: आतड्यातली सूज मोजायची कशी? कुठली तपासणी काय सांगते?

सांजवारा

क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याला सूज आणणाऱ्या या दीर्घकालीन आजाराच्या, औषधांवर इथे बरंच बोलणं झालंय. तपासण्यांवर मात्र सुटे प्रश्न येतात आणि तसेच विरून जातात. 'सीआरपी नॉर्मल आला, मग कोलोनोस्कोपी कशाला?' 'कॅलप्रोटेक्टिन ३८० आलंय, घाबरायचं का?' 'पोट तर दुखत नाही, तरी डॉक्टर औषध वाढवतायत.' (सीआरपी ही दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, कॅलप्रोटेक्टिन ही शौचाची, आणि कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं पाहणं.) या सगळ्यांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकाच धाग्यात आणायचा हा प्रयत्न. मी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्यायला हवं की त्रास वेगळा आणि सूज वेगळी. पूर्वी आजार किती जोरात आहे हे रुग्णाच्या त्रासावरूनच ठरवत. १९७६ साली सीडीएआय नावाचा निर्देशांक आला. त्यात ७ दिवसांची नोंदवही ठेवायची: पातळ शौच किती वेळा, पोटदुखी किती, एकंदर कसं वाटतंय, शिवाय वजन, रक्ताचं प्रमाण असे मिळून ८ घटक. बेरीज १५० च्या खाली गेली की आजार शांत, ४५० च्या वर गेली की गंभीर. १९८० मध्ये त्याचीच सुटसुटीत आवृत्ती आली, हार्वी-ब्रॅडशॉ निर्देशांक. तो बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत भरता येतो आणि आजही वापरात आहे.

पुढे याच रुग्णांच्या आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा दोन्हींचा मेळ बसेना. आकडा कमी असलेल्या कितीतरी जणांच्या आतड्यात खोल व्रण होते, आणि आकडा जास्त असलेल्या काहींचं अस्तर स्वच्छ होतं. कारणं समजली की यात नवल वाटत नाही. जुन्या व्रणांच्या जागी घट्ट तंतुमय ऊती तयार होऊन आतडं अरुंद झालेलं असेल, तर सूज नसतानाही पोट फुगतं, कळा येतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल तर पित्ताम्लं नीट शोषली जात नाहीत आणि त्यामुळे जुलाब होतात. क्रोन्सच्या जोडीला आयबीएस (सूज नसताना पोट बिघडवणारा आतड्याचा विकार) असणारेही पुष्कळ आहेत. आणि याच्या उलट, सूज वर्षानुवर्षं काहीही न दुखवता आतडं खराब करत राहू शकते.

दुसरं असं की क्रोन्सची सूज आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत असते, फक्त आतल्या अस्तरात नाही. ती तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधली निरोगी जागा सोडून सोडून येते. दुर्बिणीला आतलं अस्तर दिसतं, भिंतीची जाडी दिसत नाही. स्कॅनला भिंत दिसते, अस्तरावरचे बारीक व्रण दिसत नाहीत. रक्ताला सूज कुठे आहे ते सांगता येत नाही. त्यामुळे 'सगळ्यात चांगली तपासणी कुठली' असं विचारण्यापेक्षा 'आत्ता मला नेमकं काय जाणून घ्यायचंय' हे ठरवावं, मग तपासणी आपोआप ठरते, असं माझं ठाम मत आहे.

काजवा

धाग्याबद्दल खूप आभार, सांजवाराताई. माझ्या भावाचं निदान नुकतंच झालंय. सीआरपी अगदी नॉर्मल, पण कोलोनोस्कोपीत व्रण निघाले. आम्ही पार गोंधळलो आहोत. रक्ताचा रिपोर्ट चुकला असेल का?

पारिजात

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून रक्त आणि शौच या दोन्हींबद्दल लिहिते.

काजवा, रिपोर्ट चुकलेला असेलच असं नाही. सीआरपी यकृतात तयार होतो. शरीरात कुठेही दाह झाला की आयएल-६ सारखे संदेश यकृताकडे जातात आणि सीआरपी भराभर वाढतो. दाह ओसरला की तो लवकर उतरतोही, कारण त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तासांचं असतं. पण किती वाढायचं हे प्रत्येकाच्या शरीररचनेवर, काही अंशी जनुकांवरही अवलंबून असतं. क्रोन्सच्या रुग्णांमधला चांगला मोठा गट असा असतो की सूज सक्रिय असूनही सीआरपी हलत नाही. सूज फक्त लहान आतड्यात किंवा थोड्याच भागात असेल तर हे जास्त दिसतं. भावाचं निदान झालं तेव्हा, म्हणजे व्रण डोळ्यांनी दिसत असताना सीआरपी नॉर्मल होता, ही माहिती जपून ठेवा. त्याच्या बाबतीत पुढेही नॉर्मल सीआरपीवर विसंबून राहता येणार नाही.

ईएसआर ही दाह दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी. तो सावकाश चढतो, सावकाश उतरतो, आणि रक्तक्षय, वय, गर्भारपण यांनीही बदलतो. क्रोन्सच्या पाठपुराव्यात त्याचं वजन कमी. प्लेटलेट वाढणं आणि अल्ब्युमिन घटणं हे पूरक पुरावे म्हणून बघतात. एक सावधगिरी फेरिटिनबद्दल (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन): दाह असताना ते खोटं वाढलेलं दिसतं. म्हणून सूज असलेल्या माणसात फेरिटिन १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंत असलं तरी लोहाची कमतरता असू शकते. 'फेरिटिन तर नॉर्मल आहे' म्हणून थकवा अंगावर काढणारे बरेच दिसतात, त्यांनी हे डॉक्टरांशी बोलावं.

आता कॅलप्रोटेक्टिन. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या द्रवातल्या प्रथिनांपैकी सुमारे ६० टक्के हेच असतं. आतड्याच्या अस्तराला सूज आली की या पेशी तिथून आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि कॅलप्रोटेक्टिन शौचात येतं. म्हणजे सीआरपी अख्ख्या शरीराचं सांगतो, हे थेट आतड्याचं सांगतं. जिवाणू ते सहजी मोडत नाहीत, त्यामुळे नमुना घरातून लॅबपर्यंत येईतो टिकतो.

ढोबळ अर्थ असा: ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता फार कमी, २५० च्या वर असेल तर सक्रिय सुजेची शक्यता बरीच, मधला पट्टा अनिश्चित, तिथे काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. आधीपासून क्रोन्स असलेल्या आणि त्रास नसलेल्या माणसासाठी अमेरिकन गॅस्ट्रोएंटरोलॉजिकल असोसिएशनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १५० ची रेषा दिली आहे. कॅलप्रोटेक्टिन त्याखाली आणि सीआरपी ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल, तर सक्रिय सूज नाही असं समजून नेहमीची दुर्बीण टाळता येते. यालाही अट आहे: त्या रुग्णाची सूज असताना हे आकडे खरोखर वाढतात हे आधी दिसलेलं असलं पाहिजे.

नमुना देताना शक्यतो सकाळचा पहिला द्यावा, कारण दिवसभरात आकडा बराच वरखाली होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी तो वाढतो, तेव्हा आधीच्या दोनेक आठवड्यांत घेतली असतील तर सांगा. जंतुसंसर्गाने वाढतो. आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एका किटवरचे २०० आणि दुसऱ्यावरचे ३५० यांची तुलना करून 'वाढलं' म्हणणं चूक आहे.

चातक

माझं मत थोडं वेगळं आहे. मला क्रोन्स होऊन बरीच वर्षं झाली. सध्या काही त्रास नाही, खातोय-पितोय, कामावर जातोय. तरी दर काही महिन्यांनी नमुना द्या, आकडा वाढला की औषध वाढवा. आपण माणसावर उपचार करतोय की आकड्यावर? औषधांचेही दुष्परिणाम असतातच ना.

सांजवारा

चातकदादा, हा प्रश्न रास्त आहे. तो मलाही छळत असे, म्हणून नीट उत्तर देते.

नेमक्या याच मुद्द्यावर 'काम' (CALM) नावाची चाचणी झाली, म्हणजे रुग्णांवरचा अभ्यास. तिचे निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये आले. २४४ रुग्ण, सगळ्यांना सक्रिय क्रोन्स. अर्ध्यांचं औषध मुख्यतः त्रासावरून वाढवायचं. उरलेल्या अर्ध्यांचं, त्रास नसला तरी कॅलप्रोटेक्टिन २५० किंवा सीआरपी ५ वर गेला की वाढवायचं. ४८ आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा पहिल्या गटातल्या ३० टक्के लोकांचं अस्तर भरून आलं होतं, दुसऱ्या गटातल्या ४६ टक्क्यांचं. औषधं दोन्हीकडे तीच, फक्त कधी वाढवायचं याचा निकष वेगळा.

क्रोन्समध्ये झालेलं नुकसान मागे फिरत नाही. अरुंद झालेला भाग, भगंदर (आतड्यातून बाहेर फुटलेली चुकीची वाट), काढून टाकलेलं आतडं, हे औषधाने परत मिळत नाही. म्हणून मला दुखायच्या आधी कळलेलं हवंय. यातली तुमची अर्धी बाजू मात्र मला पूर्ण पटते: एका वाढलेल्या आकड्यावर औषध बदलू नये. पुन्हा मोजावं, संसर्ग नाही ना ते पाहावं, आणि मोठा निर्णय असेल तर दुर्बीण किंवा स्कॅनने खात्री करून घ्यावी. पारिजातने वर सांगितलेल्या २०२३ च्या अमेरिकन सूचनांमध्ये सौम्य त्रास असलेल्या माणसाबद्दलही असंच म्हटलंय, की फक्त आकड्यांवर विसंबून उपचार बदलण्यापेक्षा आत डोकावून पाहावं.

२०२१ च्या स्ट्राइड-२ नावाच्या शिफारशींनी उपचाराची उद्दिष्टं टप्प्याटप्प्याने मांडली आहेत. आधी त्रास कमी होणं, मग सीआरपी नॉर्मल आणि कॅलप्रोटेक्टिन १०० ते २५० च्या पट्ट्यात उतरणं, आणि दीर्घकाळात अस्तर भरून येणं, रोजचं जगणं पूर्ववत होणं. शेवटची गोष्ट त्यात तितक्याच मानाने आहे. तुम्ही म्हणता तो माणूस यातून हरवलेला नाही.

चातक

चाचणीबद्दल माहीत नव्हतं. औषध वाढवण्याआधी पुन्हा मोजा, हे पुढच्या वेळी डॉक्टरांना नक्की विचारेन. पण दुर्बिणीच्या रिपोर्टवर 'एसईएस-सीडी ९' असं काहीतरी असतं, ते काय?

सांजवारा

तो दुर्बिणीतून दिसलेल्या सुजेचा गुणांक आहे, २००४ पासून वापरात. आतड्याचे पाच भाग धरतात: लहान आतड्याचं टोक, उजवं, आडवं, डावं मोठं आतडं आणि गुदाशय. प्रत्येक भागात व्रण केवढे, किती जागेवर, एकंदर किती जागा बाधित आणि आतडं अरुंद झालंय का, या चार गोष्टींना ० ते ३ गुण. बेरीज २ पर्यंत म्हणजे शांत, ३ ते ६ सौम्य, ७ ते १५ मध्यम, त्यावर तीव्र. तुमचा ९ म्हणजे मध्यम.

नुसत्या बेरजेवर जाऊ नका, तपशील मागून घ्या. एकाच भागात दोन सेंटिमीटरहून मोठे व्रण असलेल्या माणसाची बेरीज कमी येऊ शकते, आणि पाचही भागांत थोडी थोडी लाली असलेल्याची जास्त. दोघांची काळजी सारखी नाही. आणि दुर्बीण लहान आतड्याच्या टोकापर्यंत पोचली का, हेही रिपोर्टमध्ये बघा. पोचली नसेल तर त्या भागाबद्दल रिपोर्ट काहीच सांगत नाही.

उत्तरायण

रेडिओलॉजिस्ट आहे. भिंतीबद्दलचा भाग मी लिहितो, कारण दुर्बिणीचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून निश्चिंत झालेले आणि मधल्या लहान आतड्यात हातभर सूज असलेले रुग्ण मी नेहमी पाहतो.

एमआर एन्टरोग्राफी म्हणजे आतड्याचा एमआरआय. किरणोत्सर्ग नाही, म्हणून वारंवार करता येतो. रुग्णाला तासाभरात साधारण एक ते दीड लिटर द्रव प्यायला देतो. हा सगळ्यांना नकोसा वाटणारा भाग, पण तो टाळला तर तपासणीचा अर्थच जातो. रिकामं आतडं मिटलेलं असतं आणि मिटलेल्या भिंती जाड दिसतात, तिथे सूज नसताना असल्यासारखी भासते. मग आतड्याची हालचाल थोडा वेळ थांबवणारं इंजेक्शन, आणि शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे सुजलेली जागा चित्रात उठून दाखवणारं द्रव्य.

आम्ही काय पाहतो? भिंत ३ मिलिमीटरहून जाड आहे का, भिंतीत पाणी साचलंय का, गॅडोलिनियम किती शोषलं जातंय, व्रण दिसतात का, बाजूच्या रक्तवाहिन्या फुगल्यात का. बाहेर गळू किंवा भगंदर आहे का, हे तर दुर्बिणीला कधीच दिसणार नाही. या निरीक्षणांवरून 'मारिया' नावाचा गुणांक काढतात. एखाद्या भागात तो ७ किंवा जास्त असेल तर सक्रिय सूज, ११ किंवा जास्त असेल तर तीव्र.

सीटी एन्टरोग्राफी काही मिनिटांत होते. ताप आणि पोटदुखी घेऊन आलेल्या माणसात गळू शोधायला तीच बरी. पण किरणोत्सर्ग आहे, आणि क्रोन्स बहुधा तरुण वयात सुरू होतो. पुढची अनेक दशकं स्कॅन लागणार असतात, म्हणून नेहमीच्या पाठपुराव्याला सीटी नको. गुदद्वाराजवळच्या भगंदरासाठी मात्र ओटीपोटाच्या खालच्या भागाचा वेगळा एमआरआय लागतो. एन्टरोग्राफीत तो आपोआप येतो असं समजू नका.

आता माझ्या आवडीचा विषय, आतड्याची सोनोग्राफी. पोटाची नेहमीची सोनोग्राफी वेगळी. हिच्यात जास्त वारंवारतेचा प्रोब वापरून आतड्याच्या भिंतीचे थर मोजतात. इथेही ३ मिलिमीटरच्या वर जाडी म्हणजे संशय. थरांची रेघ पुसली गेली आहे का, डॉप्लरवर भिंतीत रक्तप्रवाह वाढलाय का, भोवतालची चरबी सुजलीय का, हे पाहतात. पूर्वतयारी जवळजवळ नाही, आणि डॉक्टर रुग्णाशी बोलता बोलता पडदा दाखवू शकतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मेट्रिक' चाचणीत दोन्हींची थेट तुलना झाली. लहान आतड्यात आजार आहे की नाही, हे ओळखण्यात एमआरची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जणांत तो सापडला) ९७ टक्के आली, सोनोग्राफीची ९२. आजार नेमका कुठे आणि कुठवर पसरलाय, यात ८० विरुद्ध ७०. एमआर सरस ठरला, पण फरक बघा केवढासा आहे! माझं मत असं की निदानाच्या वेळी एकदा एमआर करून पूर्ण नकाशा घ्यावा, आणि औषध लागू पडतंय का हे अधूनमधून सोनोग्राफीवर पाहावं. करणारा हात मात्र या तपासणीत तयार असलेला हवा. गुदाशय आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग तिच्यात नीट सापडत नाही.

अरुंद जागेबद्दल एक प्रश्न नेहमी येतो: ही सूज आहे की जून झालेली तंतुमय ऊती? प्रामाणिक उत्तर हे की बहुतेक वेळा एकाच जागी दोन्ही असतात, आणि कुठलाही स्कॅन त्यांची नेमकी वाटणी करून देत नाही. अरुंद जागेच्या मागचं लहान आतडं ३ सेंटिमीटरच्या वर फुगलेलं असेल, तर अडथळा खरा आहे असं समजून शल्यविशारदांशी बोलणं सुरू करावं.

काजवा

उत्तरायण, फार उपयोगी. भावाला कॅप्सूल गिळायची तपासणी कुणीतरी सुचवली आहे. त्यात नळी नाही, भूल नाही. तीच का करू नये?

उत्तरायण

लहान आतड्याच्या अस्तरावरचे अगदी बारीक व्रण शोधायला कॅप्सूलसारखं दुसरं साधन नाही. एमआरला न दिसणारेही तिला दिसतात. गुणांकही आहे, लुईस नावाचा: १३५ च्या खाली सूज नाही असं धरतात, ७९० च्या वर मध्यम ते तीव्र. पण ती फक्त बघते, ऊतीचा तुकडा घेऊ शकत नाही. आणि क्रोन्समध्ये खरा धोका असा की आतडं कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल तिथे अडकते. त्यामुळे आधी स्कॅन, किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देऊन वाट मोकळी आहे याची खात्री करतात. हे न करता कुणी थेट गिळायला देत असेल तर नक्की प्रश्न विचारा. आणि कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.

रानवाट

माझं लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेने काढलंय. आता छान वाटतंय. सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी सांगितली आहे. टाळली तर चालेल का?

सांजवारा

रानवाट, टाळू नका. शस्त्रक्रियेनंतर क्रोन्स बहुधा आतडं जिथे जोडलं त्या सांध्याच्या जरा वर, नव्याने जोडलेल्या लहान आतड्यात परततो, आणि तो दुर्बिणीला आधी दिसतो, तुम्हाला खूप नंतर जाणवतो. त्यासाठी रुटगीर्ट्स नावाची श्रेणी आहे, आय-० ते आय-४. आय-० म्हणजे स्वच्छ. आय-३, आय-४ म्हणजे त्रास नसला तरी उपचार वाढवायची वेळ. ६ ते १२ महिन्यांत ही दुर्बीण करावी असं सांगतात. २०१५ च्या 'पोसर' चाचणीत ज्यांची सहा महिन्यांनी दुर्बीण करून त्यानुसार औषध बदललं, त्यांच्यापैकी ४९ टक्क्यांत दीड वर्षाला आजार परतलेला दिसला. ज्यांची मधली दुर्बीण झाली नाही त्यांच्यात ६७ टक्क्यांत.

तुमच्या बाबतीत जुलाबांवरून अंदाज बांधणं तर आणखी अवघड. वर म्हटलं तसं, टोक काढल्यावर पित्ताम्लांमुळेही जुलाब होतात. कॅलप्रोटेक्टिन कमी असताना जुलाब असतील तर डॉक्टरांना ही शक्यता विचारा. त्याचं औषध पूर्ण वेगळं असतं.

मृदगंध

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. शौचाचा नमुना द्यायला तिला इतकी लाज वाटते की तपासणीच लांबत जाते. आणि पुढच्या आठवड्यात तिची कोलोनोस्कोपी आहे. लॅबमधून सांगितलं की त्याच दिवशी नमुना आणला तरी चालेल. खरंच चालेल का?

पारिजात

मृदगंधताई, त्या दिवशीचा नको. पोट साफ करायचं औषध सुरू झालं की शौच म्हणजे निव्वळ पाणी होतं, आणि त्यातलं कॅलप्रोटेक्टिन पातळ होऊन आकडा फसवा येतो. औषध सुरू करायच्या आदल्या दिवशी सकाळी नमुना घ्या. डबीच्या झाकणाला चमचा असतो, त्यावर मावेल एवढाच पुरतो, डबी भरायची गरज नाही. तिला हेही सांगा की लॅबमध्ये आमच्यासाठी तो फक्त नंबर असलेली डबी असते, नाव वाचत कुणी बसत नाही. डबी बंद करून अपारदर्शक पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर तुम्ही दुसऱ्या दिवशीही आणून देऊ शकता. तिला स्वतः लॅबमध्ये यायची गरजच नाही.

मृदगंध

फार मोठं ओझं उतरलं. तिला आजच वाचून दाखवते.

सांजवारा

मृदगंधताई, त्या नमुन्याचा आकडा आणि कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवा, सीआरपीसकट. कॅलप्रोटेक्टिन अमुक होतं तेव्हा आतून असं दिसत होतं, ही तिची स्वतःची मोजपट्टी तयार होईल. पुढच्या वेळी आकडा बदलला की डॉक्टर त्याच्याशीच ताडून पाहतील, आणि दुर्बीण लगेच लागेल की थांबता येईल हे ठरवणं सोपं जाईल. काजवा, तुमच्या भावाच्या फाइलमध्येही हे करा. त्याचा सीआरपी बोलत नाही, मग कॅलप्रोटेक्टिन बोलतं का, हे शोधायचं काम अजून बाकी आहे.